पाखराच्या अंगात एकशे सहा

थर्मामीटरचा पारा एकशे दोनच्या पुढे गेला होता, सांधे ठणकत होते, आणि मी पांघरूण गुंडाळून पलंगावर उठून बसले होते, कारण नुकतंच वाचलेलं एक वाक्य कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवणारच नव्हतं. घरात कुणी नव्हतं. मग मी समोरच्या भिंतीलाच सांगितलं, मोठ्यानं: बदकाच्या अंगात जन्मभर एकशे सहा असतात!

त्याला ताप म्हणणं शास्त्राला धरून नाही, ते त्याचं रोजचं तापमान. पण आकडा बघा. पक्ष्यांचं शरीर ४० ते ४२ अंश सेल्सिअसला चालतं. आपल्या घरातल्या थर्मामीटरच्या भाषेत ४१ म्हणजे जवळजवळ एकशे सहा. ज्या तापात आपल्या घरात रात्री रिक्षा शोधायची धावपळ सुरू होते, त्या तापात बदक निवांत पोहत असतं, अंडी उबवतं, हजारो मैल उडतं. मी वीस-बावीस वर्षं पक्षी बघते आहे. दुर्बीण गळ्यात घालून भिगवणला, जायकवाडीला, नांदूरमध्यमेश्वरला किती वेळा गेले असेन. पण ज्याच्याकडे मी बघते त्याच्या अंगाला किती ऊब असेल, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

ही गोष्ट गेल्या डिसेंबरातली. मला झाला होता साधा फ्लू. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाणी भरपूर प्या म्हणाले. पडल्या पडल्या करायचं काय, म्हणून वाचत होते, आणि हाताला लागलं ते नोव्हेंबर २०२५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेलं संशोधन. केंब्रिज आणि ग्लासगोच्या शास्त्रज्ञांचं. त्यांनी विचारलेला प्रश्न इतका सरळ होता की तो मला आईनं विचारल्यासारखा वाटला: ताप आल्यानं विषाणूचं नक्की काय होतं?

माणसांत रुळलेला फ्लूचा विषाणू मुख्यतः नाकाघशात राहतो. श्वासाच्या गार हवेमुळे तिथलं तापमान ३३ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे त्याला गारव्याची सवय. आपण ३९-४० वर गेलो की त्याचं काम मंदावतं. पक्ष्यांमधला फ्लूचा विषाणू बदकाच्या आतड्यात वाढलेला, म्हणजे जन्मापासून भट्टीतला. त्याला आपल्या तापाचं काय वाटणार?

पण हे नुसतं बोलून भागत नाही, दाखवावं लागतं, आणि ते त्यांनी कसं दाखवलं ते वाचून मी अक्षरशः टाळी वाजवली. प्रयोगशाळेतल्या उंदरांना फ्लू दिला तर सहसा ताप येत नाही. मग या मंडळींनी उंदीर ठेवले होते तिथली हवाच तापवली, इतकी की उंदरांचं अंग ताप आल्यासारखं गरम व्हावं. माणसांकडून आलेल्या जातीचा विषाणू ज्या उंदरांना एरवी मारून टाकतो, त्यांच्या शरीराचं तापमान दोन अंशांनी वाढलं आणि तोच आजार सौम्य होऊन गेला. दोन अंश! मग त्याच विषाणूत एक तुकडा बदलून पक्ष्यांच्या धर्तीचा घातला, आणि ती ऊब निकामी ठरली. उंदीर गंभीर आजारी पडले.

त्या तुकड्याचं नाव पीबी-१. मी ते नाव आधी कधी ऐकलं नव्हतं. पुढचे दोन महिने माझ्या डोक्यातून ते गेलं नाही.

आता मला थोडं मागे जाऊन, मला जसं उलगडत गेलं तसंच सांगू द्या.

फ्लूचा विषाणू म्हणजे चरबीच्या पापुद्र्यात गुंडाळलेले आरएनएचे आठ तुकडे. एक सलग धागा नाही, आठ सुटे. आठही मिळून साधारण साडेतेरा हजार अक्षरं. माणसाचा मजकूर तीनशे कोटी अक्षरांचा असतो, आणि याचा साडेतेरा हजारांत सगळा कारभार. तुम्ही वाचताय तो हा लेख काना, मात्रा, वेलांट्या धरून मोजला तर साधारण तेवढाच भरेल. एवढ्याशा मजकुरानं १९१८ साली जग आडवं केलं होतं, हे मनात आलं आणि मी खरंच फोन खाली ठेवून जरा वेळ गप्प बसले.

त्यात या छापखान्यात मुद्रितशोधक नाही. पेशीत शिरल्यावर विषाणू स्वतःच्या हजारो प्रती काढतो, पण चुका तपासणारं त्याच्याकडे कुणी नसतं. त्यामुळे जवळपास प्रत्येक प्रतीत एखादं अक्षर इकडचं तिकडे होतं. बहुतेक चुका त्याच्याच मुळावर येतात. एखादी मात्र त्याला लाभते. जवळजवळ दरवर्षी फ्लूची लस बदलावी लागते ती यामुळे.

ही झाली बारीक चूक. पण तुकडे आठ आणि सुटे असल्यामुळे मोठीच उलथापालथ होऊ शकते. एकाच पेशीत दोन वेगवेगळे फ्लूचे विषाणू एकदम शिरले, तर पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसावेत तसे त्यांचे तुकडे मिसळतात. आठ वेळा दोन घेऊन त्यांचा गुणाकार करा. २५६ प्रकारच्या जोड्या निघू शकतात. डुकराच्या, कोंबडीच्या, माणसाच्या शरीरातल्या एका पेशीत, एका रात्रीत.

१९५७ सालच्या जागतिक साथीचा विषाणू असाच पिसून निघाला. माणसांत आधीपासून फिरणाऱ्या विषाणूचे पाच तुकडे आणि पक्ष्यांकडून आलेले तीन. १९६८ साली पुन्हा तेच, त्या वेळी पक्ष्यांकडून दोन आले. दोन्ही वेळा वरचं आवरण बदललं, ते समजतं. नवं आवरण म्हणजे आपल्या शरीराला अनोळखी चेहरा, म्हणूनच तर साथ पसरली. पण दोन्ही वेळा त्या आवरणाच्या जोडीनं आणखी एक तुकडा पक्ष्यांकडून आला होता. कुठला? पीबी-१! विषाणूच्या प्रती काढणाऱ्या यंत्राचा एक भाग. हे १९८९ मध्येच कळलं होतं. तोच का येतो, याचं मात्र कोडं होतं. आणि आता, छत्तीस वर्षांनी, उंदरांच्या तापलेल्या खोलीतून एक उत्तर बाहेर येतंय, की हा तुकडा सोबत असेल तर विषाणू आपल्या तापाला जुमानत नाही. हेच सगळं कारण असेल असं कुणी म्हणत नाही. पण मी त्या रात्री पलंगावरून उतरले, स्वयंपाकघरात गेले, चहा टाकला आणि आधण उकळून निम्मं झालं तरी तशीच ओट्यापाशी उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. वाचनाचा उतरला नाही.

पक्ष्यांचा फ्लू आणि माणसांचा फ्लू यांचं नातं आहे हे मुळात सुचलं कुणाला? ही गोष्ट कळल्यावर तर मला समुद्रावर फिरायला जायची घाईच झाली. १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर दोन मित्र फिरत होते, ग्रॅम लेव्हर आणि रॉबर्ट वेबस्टर. दोघंही फ्लूवर काम करणारे. वाळूत थोड्या थोड्या अंतरावर शीअरवॉटर नावाचे समुद्रपक्षी मरून पडलेले दिसले. दुसरं कुणी असतं तर नाकाला रुमाल लावून पुढे गेलं असतं. यांना प्रश्न पडला, हे फ्लूनं तर मेले नसतील? १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरय पक्ष्यांमध्ये फ्लूचा विषाणू सापडला होता, ते त्यांना माहीत होतं. मग हे दोघं ग्रेट बॅरियर रीफच्या बेटांवर गेले, जिवंत पक्षी पकडून त्यांचं रक्त तपासलं, आणि १९५७ मध्ये माणसांत आलेल्या विषाणूच्या एका प्रथिनाला ओळखणारी प्रतिपिंडं त्या पक्ष्यांच्या रक्तात निघाली. माणसांपासून दूर, निर्जन बेटावर घरटी करणाऱ्या पाखरांत! १९७२ मध्ये तिथल्या शीअरवॉटरमधून प्रत्यक्ष विषाणूही मिळाला.

पुढे वेबस्टर कॅनडातल्या रानबदकांपर्यंत गेले आणि चित्र स्पष्ट झालं. बदकाला हा विषाणू होतो तो आतड्यात. विष्ठेतून तो तळ्यात उतरतो. दुसरं बदक ते पाणी पितं. बदक बहुधा आजारीसुद्धा पडत नाही. आवरणावरून पडलेले एच१ पासून एच१६ पर्यंतचे सगळे प्रकार पाणपक्ष्यांत सापडतात. आपल्याकडे जे येतात ते त्या मोठ्या कोठारातले मूठभर. म्हणजे ज्याला आपण 'माणसाचा फ्लू' म्हणतो त्याचं माहेर तळ्याकाठी आहे!

मग आपल्याला रोज का होत नाही पक्ष्यांचा फ्लू? इथे साखर येते. आपल्या पेशींच्या टोकावर साखरेच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या शेवटी सायलिक आम्ल. विषाणू त्यालाच धरून आत शिरतो. हे आम्ल आधीच्या साखरेला दोन तऱ्हांनी जोडलेलं असू शकतं. बदकाच्या आतड्यात एका तऱ्हेचा जोड, माणसाच्या नाकाघशात मुख्यतः दुसऱ्या तऱ्हेचा. पक्ष्यांचा विषाणू आपल्या नाकाशी आला तर त्याला धरायला कडीच सापडत नाही. पण फुप्फुसात अगदी खोल, शेवटच्या फांद्यांपाशी, पक्ष्यांसारखा जोड आपल्यातही असतो. हे २००६ मध्ये उघड झालं, आणि हाँगकाँगचं कोडं सुटायला मदत झाली.

हाँगकाँगमध्ये १९९७ साली कोंबड्यांमधला एच५एन१ थेट माणसांत आला. १८ जणांना झाला, ६ दगावले. वर्षअखेरीला तिथल्या दहा लाखांहून जास्त कोंबड्या काही दिवसांत मारून टाकल्या आणि ती साथ तिथेच थांबली. इतका जीवघेणा आजार, पण एका माणसाकडून दुसऱ्याकडे तो सहज जात नव्हता. कारण विषाणू खोल फुप्फुसात जाऊन बसतो. तिथे तो घात करतो, पण शिंकेबरोबर बाहेर पडायला नाकाघशात त्याचा तळ हवा, तो नसतो. साखरेच्या एका जोडाचा हा फरक! अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२४ च्या डिसेंबरात दाखवलं की त्या वर्षी गायींत शिरलेल्या एच५एन१ च्या आवरणात एकच बदल झाला, तरी ते प्रथिन माणसाच्या जोडाला धरू लागतं. त्यांनी हे सुटं प्रथिन घेऊन तपासलं, जिवंत विषाणू घेऊन नव्हे. साथ यायला आणखी बरंच काही जुळून यावं लागतं. तरी ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

आता मानमोडी.

आमच्या घरात हा शब्द आजीच्या तोंडी होता. 'मानमोडीत गेली' असं ती म्हणायची. पणजीची थोरली दोन मुलं मानमोडीत गेली, आठवड्याच्या आत, एकामागून एक. लहानपणी मला मानमोडी ही कुणी राक्षसीण वाटायची, मागून येऊन मान मोडणारी. ती १९१८ ची फ्लूची साथ होती हे मला फार उशिरा कळलं. त्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे पोलीस शिपाई आजारी पडले, तिथून ती पसरली. ऑक्टोबरात मुंबई इलाख्यात तिनं हाहाकार उडवला. त्या साथीत हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या वर माणसं गेली असावीत, इतर कुठल्याही देशाहून जास्त. १९२१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा कमी भरली. असं त्या एकाच शिरगणतीत घडलं आहे. आमच्या पणजीची दोन मुलं त्या उणे आकड्यात आहेत.

आणि तो विषाणू नंतर सापडला! ही गोष्ट मी आतापर्यंत निदान दहा जणांना सांगितली आहे, तुम्हालाही सांगते. अलास्कात ब्रेव्हिग मिशन नावाचं गाव आहे. १९१८ च्या नोव्हेंबरात पाच दिवसांत तिथल्या ८० प्रौढांपैकी ७२ मरण पावले. कायम गोठलेल्या जमिनीत त्यांना एकत्र पुरलं. १९५१ मध्ये योहान हल्टिन नावाचा तरुण विद्यार्थी तिथे गेला, गावाची परवानगी घेऊन, शेकोट्या पेटवून जमीन मऊ करत त्यानं खोदलं. फुप्फुसांचे नमुने घेतले. परतीच्या वाटेवर ते वितळू नयेत म्हणून आग विझवायच्या नळकांड्यातला वायू मारून मारून गोठवत नेले. आणि प्रयोगशाळेत काहीच उगवलं नाही. विषाणू मेलेला होता.

मग शेहेचाळीस वर्षं गेली. १९९७ मध्ये जेफ्री टॉबेनबर्गर यांनी अमेरिकी सैन्याच्या संग्रहात मेणात जपून ठेवलेल्या फुप्फुसाच्या तुकड्यांतून १९१८ च्या विषाणूची काही अक्षरं वाचली. ते हल्टिन यांनी वाचलं. आता ते बहात्तर वर्षांचे होते. पत्र लिहिलं, मी पुन्हा जाऊ का? आणि स्वतःच्या पैशानं, एकटे, बायकोची बागेतली कात्री बरोबर घेऊन ते ब्रेव्हिगला गेले! गावकऱ्यांनी पुन्हा परवानगी दिली, खोदायला मदत केली. सात फुटांखाली त्यांना एका स्थूल स्त्रीचा देह मिळाला, चरबीच्या थरामुळे तिची फुप्फुसं टिकली होती. तिला त्यांनी लूसी असं नाव दिलं. तिच्या फुप्फुसांतून निघालेल्या नमुन्यांमुळे २००५ पर्यंत त्या विषाणूचे आठही तुकडे अक्षर न् अक्षर वाचून झाले. त्याचं पक्ष्यांच्या विषाणूंशी किती जवळचं नातं आहे तेही दिसलं. निघण्याआधी हल्टिन यांनी त्या थडग्यावर नवे लाकडी क्रूस स्वतःच्या हातांनी करून उभे केले, जुने कुजले होते.

मला त्या क्रूसांनी रडवलं. बहात्तर वर्षांचा माणूस, करवत घेऊन बसलेला. आमच्या पणजीच्या मुलांना कुठं जाळलं की पुरलं हेसुद्धा आता कुणाला सांगता येत नाही. त्यांची मान कुणी मोडली याचा मजकूर त्या अलास्कातल्या बाईनं जपून ठेवला होता.

त्या रात्री मी आईला फोन केला. आई बार्शीला भावाकडे असते.

"आई, तुझा जन्म एक्कावनचा ना?"

"हो. का गं? कुठला फॉर्म भरतेस?"

"फॉर्म नाही. तुला पहिला फ्लू कुठला झाला असेल ते बघतेय."

त्याचं असं आहे. लहानपणी आपल्याला जो पहिला फ्लू होतो, त्याची आठवण शरीर जन्मभर धरून ठेवतं, पाटीवर पहिल्यांदा गिरवलेल्या अक्षरासारखी. नंतर कितीही नवे आले तरी शरीर आधी त्या जुन्या ओळखीनं लढायला जातं. १९१८ ते १९५७ माणसांत फक्त एच१ फिरत होता. मग अकरा वर्षं एच२. १९६८ पासून एच३. १९७७ मध्ये एच१ परत आला आणि तेव्हापासून दोन्ही. या प्रकारांची दोन घराणी आहेत. एच१, एच२ आणि कोंबड्यांचा एच५ एका घराण्यातले. एच३ आणि चीनमध्ये २०१३ पासून दीड हजारांवर लोकांना झालेला एच७ दुसऱ्या घराण्यातले. एच५ प्रामुख्यानं तरुणांना आणि मुलांना का गाठतो, एच७ म्हाताऱ्यांना का, हे कुणाला कळत नव्हतं. २०१६ मध्ये कॅटलिन गॉस्टिक आणि सहकाऱ्यांनी रुग्णांची जन्मवर्षं मांडली, आणि रेघ बरोबर १९६८ वर पडली! पहिला फ्लू ज्या घराण्यातला, त्या घराण्यातल्या पक्ष्यांच्या विषाणूपासून गंभीर आजाराला सुमारे ७५ टक्के संरक्षण, असा त्यांचा अंदाज.

"म्हणजे बघ, तुझा पहिला फ्लू एच१. बर्ड फ्लूच्या घराण्यातला. मी एकाहत्तरची. मी सापडले एच३ मध्ये. तुझ्या अंगात जो पहारेकरी आहे तो माझ्या अंगात नाही."

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माझ्या अंगात सत्तर वर्षं कुणी पहाऱ्याला बसलाय आणि मला आज सांगतेस?"

मग मी तिला तापाचं सांगितलं. दोन अंश आणि उंदीर आणि पीबी-१. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी तुझ्या कपाळावर रात्र रात्र मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवायचे, ते चुकलं का गं?"

माझा गळाच दाटून आला. नाही म्हटलं, आई, अजिबात नाही. पोराला ताप चढला तर उतरवावाच लागतो. ताप कधी अंगात राहू द्यावा आणि कधी उतरवावा, हे त्या शास्त्रज्ञांनीही अजून ठरवलेलं नाही, माणसांवर अभ्यास व्हायचा आहे. डॉक्टर सांगतील तेच करायचं. पण ताप नुसता त्रास द्यायला येत नाही, आत त्याचंही काम चाललेलं असतं, एवढं आता कळलंय.

"ते मला ठाऊकच होतं," आई म्हणाली.

आपल्या मातीत तर या विषयाचे धागे जागोजाग आहेत, आणि मला ते एकत्र कधी दिसलेच नव्हते. भारतातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला निघाला. पांढऱ्या पोशाखातली माणसं, खड्डे, लाखो कोंबड्या, रस्त्यावर आलेले पोल्ट्रीवाले, हे सगळं आपण टीव्हीवर पाहिलं आणि काही महिने चिकन खायचं सोडलं, एवढीच माझी आठवण. २०१९ मध्ये मेळघाटातल्या एका लहानग्या मुलाला पक्ष्यांमधला एच९एन२ झाल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं शोधलं. देशातली अशी पहिलीच नोंद, आणि ते मूल बरं झालं. गावागावात फिरून नमुने घेणाऱ्या माणसांमुळे ते सापडलं. ही संस्था मी राहते तिथून काही किलोमीटरवर आहे, १९५२ पासूनची. तिच्यासमोरून मी शेकडो वेळा गेले आहे. आता गेले की मान आपोआप तिकडे वळते. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ नं मेले. लगेच पुढच्या जानेवारीत उदगीरला कावळे मरून पडले.

आणि गायी! मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत टेक्सास आणि कॅन्सस राज्यांतल्या दुभत्या गायींत एच५एन१ सापडला. दूध घट्ट, पिवळं येऊ लागलं होतं, गोठ्यातल्या मांजरी कच्चं दूध पिऊन मरत होत्या. गायीला हा विषाणू होईल असं फारसं कुणाच्या डोक्यात नव्हतं. नंतर कळलं की गायीच्या कासेत साखरेचे दोन्ही जोड असतात, पक्ष्यांचाही आणि माणसांचाही. दूध नीट तापवलं की विषाणू मरतो. दूध वर येईपर्यंत गॅसपाशी उभं राहायची आपल्या घरातली शिस्त मला त्या दिवसापासून फार मोलाची वाटते.

एक गोष्ट मात्र मला पक्षी बघणारी म्हणून सांगायचीच आहे. तळ्यातला मूळ विषाणू सौम्य असतो. तो कोंबड्यांच्या दाटीत शिरला की पिढ्यामागून पिढ्या झरझर वाढतो आणि त्याच्या आवरणात असा बदल होऊ शकतो की आतडी-फुप्फुसांपुरता न राहता तो मेंदू, काळीज, सगळीकडे वाढू लागतो. १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँगमध्ये पाळीव हंसात सापडलेला एच५एन१ तसा होता. आज जगभर पसरलेला एच५ त्याच्याच वंशातला. तो उलटा रानपक्ष्यांत गेला. २००५ मध्ये चीनमधल्या चिंगहाई सरोवरावर हजारो रानपक्षी मेले, त्यांत सर्वाधिक कोण होते? पट्टकादंब. आपले पट्टकादंब! हिमालय ओलांडून हिवाळ्यात उजनीवर उतरणारे, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्यांचे. २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर हत्ती-सीलची सतरा हजारांवर पिल्लं गेली, त्या हंगामात जन्मलेली जवळजवळ सगळी. माणसाच्या पोल्ट्रीतून निघालेलं तिथवर पोचलं.

म्हणून जानेवारीत बरी झाल्यावर मी पहिली गाडी पकडून उजनीच्या काठी भिगवणला गेले. कुंभारगावच्या काठावर पहाटे साडेसहाला धुकं होतं, पाण्यावरून वाफ निघत होती. होडीवाले दादा ओळखीचे आहेत.

"ताई, या खेपेला लई दिसानं."

"आजारी होते हो. आज रोहित नको. मला पट्टकादंब दाखवा."

ते एका उथळ जागी होते, चिखलाच्या पट्टीला लागून, माना पाठीत खुपसून. दादांनी वल्हं उचलून धरलं. होडी आपोआप सरकत थांबली. लांबच थांबा म्हटलं मी. पूर्वी मी नेहमी जवळ न्या म्हणायचे. पाण्यावर एक करडं पीस तरंगत आलं. एरवी मी ते उचलून वहीत ठेवलं असतं. या वेळी फक्त फोटो काढला.

"दादा, हे आत्ता बसलेत ना, यांच्या अंगात एकशे सहा आहेत."

"ताप?"

"तापच म्हणा. कायमचा."

त्यांनी बोटं पाण्यात बुडवून बघितली आणि झटकली. गार पडली होती. "तरीच," ते म्हणाले. "एवढ्या गारठ्यात रातभर पाण्यात बसत्यात. आत शेगडी असल्याबिगर जमायचं न्हाई."

सूर्य वर आला तशा माना बाहेर निघाल्या. एकानं पंख झटकले, मग दुसऱ्यानं. मी मोजायला लागले, दादाही मोजायला लागले. माझे एकशे बारा झाले, त्यांचे एकशे वीस, तेवढ्यात निम्मे उडाले आणि आमच्या डोक्यावरून गेले. पंखांचा आवाज इतका जवळून गेला की दोघांचीही मोजणी चुकली. आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली.